‘नॉर्मल’चा चकवा

घरोघरी एक पिशवी असते. कपाटाच्या दाराआड खिळ्याला अडकवलेली, बहुधा कुठल्या तरी साडीच्या दुकानाची. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचे गेल्या दहा वर्षांतले रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, ईसीजीच्या पट्ट्या आणि चार निरनिराळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तीत एकत्र नांदत असतात. दवाखान्यात आल्यावर ही पिशवी टेबलावर रिकामी होते आणि मुलगा किंवा सून ठरलेले वाक्य बोलते, ‘‘किडनीचा रिपोर्ट नॉर्मल आहे हं डॉक्टर.’’

तीस वर्षांहून अधिक काळ एका जिल्ह्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करताना या एका वाक्याची मला धास्ती बसली आहे. वाक्य खोटे नसते. रिपोर्टवर रक्तातले क्रिॲटिनिन १.१ लिहिलेले असते आणि शेजारी ०.६ ते १.२ अशी मर्यादा छापलेली असते. आकडा मर्यादेत, म्हणून तो ठळक टाइपात नाही. ठळक नाही, म्हणून सगळे निश्चिंत. घरचे निश्चिंत असतात याचे मला काही वाटत नाही. त्या आकड्यावर भरवसा टाकून गोळ्यांची मात्रा ठरते, हे मात्र काळजीचे आहे.

क्रिॲटिनिन म्हणजे काय? आपल्या स्नायूंचा तो रोजचा केर. स्नायूंमध्ये क्रिॲटिन नावाचे एक द्रव्य असते. त्यातला ठरावीक हिस्सा रोज झिजून क्रिॲटिनिन होतो, रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडे तो गाळून बाहेर टाकतात. गाळणी मंदावली की केर साठतो आणि रक्तातला आकडा चढतो, असा साधा हिशेब. हिशेब साधा असला तरी अर्धा आहे. गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याचा ढीग किती मोठा, हे घंटागाडी किती वेळा येते यावर अवलंबून असते, तसेच गल्लीत घरे किती यावरही असते. पन्नास बिऱ्हाडांच्या गल्लीत गाडी रोज आली तर जेवढा ढीग दिसेल, तेवढाच ढीग दहा बिऱ्हाडांच्या गल्लीत गाडी पाचव्या दिवशी आली तरी दिसेल. नुसता ढीग पाहून गाडीची नियमितता कशी सांगणार? तिशीतल्या पहिलवानाच्या अंगात बिऱ्हाडे भरपूर असतात. ऐंशी ओलांडलेल्या, दंडाची कातडी लोंबू लागलेल्या, अर्ध्या पोळीवर जेवण आटोपणाऱ्या आजींच्या अंगात ती मोजकीच उरलेली असतात. दोघांचा आकडा १.१ आला म्हणून दोघांची मूत्रपिंडे सारखी नसतात.

मूत्रपिंडांचे काम मोठे अचाट आहे. दोन्ही मिळून सुमारे वीस लाख सूक्ष्म गाळण्या. त्यांतून दिवसाकाठी जवळजवळ १८० लिटर पाणी गाळले जाते आणि त्यातले दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळे पुन्हा रक्तात घेतले जाते. निरोगी तरुण माणसात हा गाळण्याचा वेग मिनिटाला १०० ते १२० मिलिलिटरच्या आसपास असतो. चाळिशीनंतर तो सरासरीने वर्षाला एकेक मिलिलिटर उतरत जातो. सरासरीने, हा शब्द महत्त्वाचा. अमेरिकेत बाल्टिमोर येथे निरोगी माणसांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे एक तृतीयांश लोकांच्या मूत्रपिंडांचा वेग वयानुसार घटलाच नव्हता. म्हणजे केस पांढरे दिसले की मात्रा निम्मी करा, असा ठोकताळाही चालत नाही. माणसागणिक हिशेब करावाच लागतो.

आणि या हिशेबाचा गोळ्यांशी संबंध काय? पोटात गेलेले औषध शरीराबाहेर पडण्याचे प्रमुख दरवाजे दोन, यकृत आणि मूत्रपिंड. काही औषधे पहिल्या दाराने जातात, काही दुसऱ्या, काही दोन्हींनी. जी मुख्यतः मूत्रपिंडावाटे जातात, त्यांच्या बाबतीत दार अर्धे मिटलेले असेल तर सकाळची गोळी बाहेर पडायच्या आत रात्रीची आत येते. आठवडाभरात रक्तात औषधाचा साठा होतो. डॉक्टरांनी लिहिलेली मात्रा एक आणि शरीराला भोगावी लागणारी मात्रा दुसरीच.

काही वर्षांपूर्वी पाहिलेल्या एका आजींची हकिकत सांगतो. वय ८२, गावातल्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. रोजचे वर्तमानपत्रातले शब्दकोडे दुपारच्या चहाआधी सोडवून ठेवणार आणि संध्याकाळी मुलाची परीक्षा घेणार, अशा. त्यांना उजव्या बरगडीवर नागीण उठली. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, अशी आपल्याकडे समजूत. त्यामुळे घरच्यांनी विलंब न लावता त्यांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी विषाणूवरचे व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून तीनदा आणि नसांच्या आगीसाठी प्रीगाबॅलिन दोनदा असे लिहिले. निदान अचूक होते, औषध योग्य होते आणि ते वेळेत सुरू झाले होते. मात्रासुद्धा पुस्तकात मोठ्या माणसासाठी दिलेली, तीच.

तिसऱ्या दिवशी आजी भिंतीकडे बोट दाखवून म्हणू लागल्या, ‘‘अरे, या कोंबड्या आधी हाकला.’’ रात्री उठून शाळेत निघाल्या. बोलणे जडावले, हात झटके देऊ लागले. शेजारच्या काकूंनी नागीण डोक्यात चढल्याचा निर्वाळा दिला; कुणी बाहेरचे काही असेल म्हणाले; थोरल्या जावयांना हा अर्धांगाचा झटका वाटला. मुलगा मला म्हणाला, ‘‘डॉक्टर, आईचं डोकं कायमचं गेलं का हो? परवापर्यंत मला कोडं घालत होती.’’ डोक्याचे स्कॅनिंग झाले, त्यात काही निघाले नाही. पिशवीतल्या तीन महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टात क्रिॲटिनिन १.१. नवे करून आणले, तेही १.१ च.

मी त्यांना धरून वजनकाट्यावर उभे केले. ४२ किलो. मग चिठ्ठीच्या पाठीमागे एक गणित मांडले. ते गणित इथे सांगायचे आहे, कारण सातवी पास झालेल्या कुणालाही ते करता येते.

१४० मधून वय वजा करायचे. उरलेल्या आकड्याला किलोतल्या वजनाने गुणायचे. खाली ७२ गुणिले क्रिॲटिनिन घेऊन भागायचे. बाई असेल तर उत्तराला पुन्हा ०.८५ ने गुणायचे. आजींच्या बाबतीत १४० वजा ८२ म्हणजे ५८; ५८ गुणिले ४२ म्हणजे २४३६; ७२ गुणिले १.१ म्हणजे ७९.२, भागाकार ३०.८, आणि ०.८५ ने गुणल्यावर उत्तर २६. मिनिटाला २६ मिलिलिटर! त्याच १.१ क्रिॲटिनिनचा, ७० किलो वजनाचा, तीस वर्षांचा तरुण घेतला तर हेच गणित ९७ देते. रिपोर्टवर दोघेही ‘नॉर्मल’.

व्हॅलासायक्लोव्हिरच्या माहितीपत्रकात २६ च्या मूत्रपिंडासाठी नागिणीची मात्रा दिवसातून तीनदा नव्हे, एकदाच दिलेली आहे. आजींच्या रक्तात तिपटीचा भार चढला होता, वर प्रीगाबॅलिनची गुंगी. दोन्ही औषधे थांबवली, शिरेतून सलाइन दिले, लघवी सुटती ठेवली. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी वर्तमानपत्र मागितले. नागीणही यथावकाश सुकली. मुलाने ‘नेमकं झालं काय होतं?’ असे तीनदा विचारले आणि मी तीनदा सांगितले, तरी गोळी चांगली, डॉक्टर चांगले, रिपोर्ट चांगला आणि तरीही आई वेडीपिशी झाली, हे त्याला पटायला वेळ लागला. मला त्यात नवल वाटले नाही.

हे गणित आले कुठून? कॅनडातल्या माँट्रियल शहरात, माजी सैनिकांच्या एका रुग्णालयात डोनाल्ड कॉकक्रॉफ्ट आणि हेन्री गॉल्ट या दोघा डॉक्टरांनी ते बसवले आणि १९७६ साली प्रसिद्ध केले. त्यापूर्वी मूत्रपिंडाचा वेग काढायचा तर रुग्णाची २४ तासांची लघवी कॅनमध्ये जमा करावी लागे. ज्यांनी घरातल्या वृद्धाची अशी लघवी जमवली आहे त्यांना ठाऊक आहे, की त्यातली एखादी खेप हमखास मोरीत जाते आणि सगळा हिशेब चुकतो. या दोघांनी २४९ रुग्णांच्या नोंदी तपासून वय, वजन आणि क्रिॲटिनिन एवढ्यांवरून अंदाज बांधता येतो, हे दाखवले. रुग्णालय माजी सैनिकांचे, त्यामुळे रुग्ण जवळजवळ सगळे पुरुष. बायकांसाठीचा ०.८५ हा गुणक प्रत्यक्ष मोजमापातून आलेला नाही. बायकांचे स्नायू साधारण एवढे कमी असतात, असे धरून तो घातलेला आहे. आणि त्यावर जगभरच्या आज्यांच्या गोळ्या ठरत आल्या! तरीही हे सूत्र टिकले, कारण ते साधे होते आणि पुढे औषध कंपन्यांनी आपापल्या औषधांच्या चाचण्यांत मात्रा याच सूत्राने ठरवल्या. आजही अनेक औषधांच्या माहितीपत्रकात जे आकडे असतात, ते या जुन्या सूत्राचेच.

नंतर नवी सूत्रे आली. १९९९ साली अँड्र्यू लेव्ही आणि सहकाऱ्यांनी एक दिले, २००९ साली त्याहून सुधारलेले आले. त्यात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तर वाढवून घ्यायचा एक गुणक होता. त्यावरून अमेरिकेत मोठा वाद झाला आणि २०२१ साली तो काढून टाकून सूत्र नव्याने मांडले गेले. आजकाल प्रयोगशाळेच्या रिपोर्टात क्रिॲटिनिनच्या खाली ‘ईजीएफआर’ अशी एक ओळ दिसते, ती या नव्या वंशावळीतली. तुमच्या रिपोर्टात ती असेल तर उत्तम. निदान कुणीतरी हिशेब केला आहे.

पण त्या ओळीतही एक मेख आहे. आकड्यापुढे बारीक अक्षरात ‘प्रति १.७३ चौरस मीटर’ असे लिहिलेले असते. हा १.७३ आला १९२० च्या दशकातून. पंचविशीतल्या अमेरिकन माणसाच्या अंगाच्या कातडीचे ते सरासरी क्षेत्रफळ. म्हणजे यंत्र आपल्या आजींना आधी अमेरिकन तरुणाच्या मापाचा कोट चढवते आणि मग उत्तर सांगते. आजींचे वय, बाईपण आणि १.१ हे २०२१ च्या सूत्रात घातले तर उत्तर येते ५०. त्यांची उंची १४८ सेंटिमीटर, वजन ४२; अंगाचे क्षेत्रफळ भरते जेमतेम १.३१. कोट उतरवून त्यांच्या स्वतःच्या मापाने बघितले तर ५० चे होतात ३८. आणि जुन्या सूत्राने २६. बाई एक, रक्ताची बाटली एक, आकडे तीन.

यातला खरा कोणता, असे मला घरचे लोक विचारतात. प्रामाणिक उत्तर असे, की तिन्ही अंदाज आहेत. जुने सूत्र सडपातळ म्हाताऱ्या माणसात बरेचदा खालचा आकडा देते, नवे सूत्र तशाच माणसाला थोडे वर चढवते. मूत्रपिंडाचा आजार आहे का, किती आहे, वाढतो आहे का, हे पाहायला नवे सूत्र चांगले. गोळीची मात्रा ठरवताना, विशेषतः हलक्या वजनाच्या वृद्धांमध्ये, मी कोट उतरवलेला आकडा आणि जुन्या सूत्राचा आकडा असे दोन्ही शेजारी मांडतो. औषध जपून वापरायच्या जातीचे असेल तर खालच्या आकड्याकडे झुकतो. दोन्हींत फारच तफावत असेल आणि औषध महत्त्वाचे असेल तर सिस्टॅटिन-सी नावाची आणखी एक तपासणी करता येते. हे द्रव्य शरीरातल्या बहुतेक सगळ्या पेशी बनवतात, त्यामुळे स्नायू आटल्याने ते फसत नाही. थायरॉइडचा आजार आणि स्टेरॉइडच्या गोळ्या त्याला फसवू शकतात, ही गोष्ट वेगळी. तपासणी थोडी महाग आहे आणि लहान गावात नमुना शहरात पाठवावा लागतो.

ही सगळी सूत्रे पाश्चात्य माणसांच्या मोजमापांवर उभी आहेत, हेही विसरता येत नाही. आयुष्यभर वरणभात-भाजीवर राहिलेल्या आपल्या वृद्धांचे क्रिॲटिनिन मुळातच खाली असते. उलट रात्री मटणावर ताव मारून सकाळी रक्त दिले तर आकडा थोडा वर गेलेला दिसतो. आणि एक. माणूस जुलाब-उलट्यांनी किंवा तापाने नुकताच आडवा झालेला असेल तर कुठलेच सूत्र चालत नाही. मूत्रपिंड आज बंद पडले तरी केर साठून दिसायला एक-दोन दिवस लागतात. त्या वेळचा ‘नॉर्मल’ हा कालचा असतो.

औषधांपैकी सगळ्यात आधी बोलायचे ते दुखण्याच्या गोळ्यांविषयी, कारण त्या चिठ्ठीविना मिळतात. गुडघे धरले, की ‘मागच्या वेळी दिलेली ती पिवळी गोळी द्या’ म्हणून दुकानात माणूस पाठवला जातो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक ही सगळी एकाच कुळातली. या कुळाचा पराक्रम पाहायचा तर आकाशाकडे पाहावे. १९९० च्या दशकात आपल्याकडची गिधाडे दिसेनाशी झाली, काही जाती ९५ टक्क्यांहून अधिक घटल्या. मुंबईत मलबार हिलच्या डुंगरवाडीवर पारशी समाजाला अंत्यविधीचा प्रश्न पडला. कारण सापडायला २००४ साल उजाडले. गुरांना डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन दिलेले असे, ते जनावर मेले की गिधाडे मांस खात आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन मरत. २००६ साली भारतात गुरांसाठी हे औषध बंद झाले, २०२३ साली ॲसिक्लोफेनॅकही. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, हे खरे. पण ऐंशीच्या घरातले मूत्रपिंड आत येणारी रक्तवाहिनी उघडी ठेवण्यासाठी ज्या रसायनांवर विसंबून असते, तीच रसायने ही गोळी बंद करते.

त्यात आजोबांना रक्तदाबासाठी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ने शेवट होणारी गोळी असेल आणि सुजेसाठी लघवी जास्त होण्याची गोळी असेल, तर तिघांचे मिळून वाईट जुळते. गच्चीवरच्या टाकीची कल्पना करा. दुखण्याची गोळी आत येणारा नळ आवळते, रक्तदाबाची गोळी बाहेर जाणारा नळ सैल करते, लघवीची गोळी टाकीतले पाणीच कमी करते. गाळायला दाबच उरत नाही. यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या गोळीचा दोष नाही. त्या त्यांचे काम चोख करतात. नको असतो तो मध्येच घुसलेला पहिला पाहुणा. गुडघ्यासाठी साधी पॅरासिटामॉल ठरल्या प्रमाणात, शेक, व्यायाम, लावायचे मलम, यांवर आधी निभावून पाहावे.

मधुमेह्यांच्या घरी एक आनंदाची बातमी मी नेहमी सावधपणे ऐकतो. ‘‘बाबांची साखर आता इतकी छान आटोक्यात आलीय, पथ्य न करताही!’’ इन्सुलिनचा निचरा बऱ्याच अंशी मूत्रपिंडात होतो. मूत्रपिंड मंदावले की इन्सुलिन अंगात रेंगाळते, ग्लिबेनक्लामाइडसारखी जुनी गोळी तर आणखी रेंगाळते, आणि साखर आपोआप उतरू लागते. मग एखाद्या पहाटे बाबा घामाने डबडबलेले आणि असंबद्ध बोलताना आढळतात. वृद्ध मधुमेह्याची साखर कारण नसताना सुधारली तर पेढे वाटण्याआधी मूत्रपिंडाचा हिशेब पाहावा. मेटफॉर्मिनचा नियम निराळा आणि बराच स्पष्ट आहे. ईजीएफआर ३० च्या खाली गेले की ती बंद, ३० ते ४५ च्या दरम्यान नव्याने सुरू करायची नाही आणि आधीपासून चालू असेल तर मात्रा साधारण निम्म्यावर आणायची.

हृदयाच्या डिगॉक्सिनची गोष्ट तर जुनीच. १७८५ साली विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने ज्या वनस्पतीवर पुस्तक लिहिले, तिच्याच कुळातले हे औषध. औषधाची आणि विषाची मात्रा त्यात किती जवळ जवळ आहे, हे त्यालाही ठाऊक होते. भूक मेली, मळमळ सुरू झाली, सगळे पिवळट दिसू लागले, की वृद्धाला ‘पित्त झालंय’ म्हणून घरच्या घरी औषध देऊ नये. रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्यांतली डॅबिगॅट्रान सुमारे ८० टक्के मूत्रपिंडावाटे जाते. एपिक्साबॅनची मात्रा निम्मी करण्याचा नियम मला फार आवडतो. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिॲटिनिन १.५ किंवा जास्त. यांतल्या कुठल्याही दोन गोष्टी जुळल्या की निम्मी. आपल्याकडच्या ऐंशीच्या बहुतेक बायका पहिल्या दोन अटींतच बसतात, क्रिॲटिनिनपर्यंत जावेच लागत नाही. गॅबापेंटिन आणि प्रीगाबॅलिन ही नसांची औषधे जवळजवळ जशीच्या तशी लघवीतून जातात. साठली तर गुंगी, तोल जाणे आणि न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडणे. सांधेवातासाठीची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेल्याच्या कहाण्या दर डॉक्टराकडे असतात, आणि मूत्रपिंड दुबळे असेल तर त्या कहाण्यांचा शेवट चांगला होत नाही. पथ्याचे म्हणून आणलेले ‘कमी सोडियम’चे मीठही मी विचारून घेतो. त्यात पोटॅशियम असते, आणि ‘सार्टन’ची गोळी चालू असताना ते रक्तात साचू शकते.

आपल्या हवामानाची आणि चालीरीतींची भर यात पडते. विदर्भ-मराठवाड्यातला मे महिना, आषाढात पायी वारीला निघालेले सत्तरीचे वारकरी, निर्जळी एकादशी. शिवाय रात्री लघवीला उठावे लागू नये म्हणून संध्याकाळी पाचनंतर पाण्याला न शिवणारे आजोबा आणि प्रवासात सोय नसते म्हणून सकाळपासून घोटभर चहावर राहिलेल्या आजी. मार्चमधला रिपोर्ट ४५ असेल तर मेमध्ये दोन दिवसांच्या जुलाबांनंतर तो वीसवर आलेला असू शकतो, आणि गोळ्यांची डबी मात्र तीच. म्हणून वृद्धांच्या घरच्यांना मी आधीच विचारून ठेवायला सांगतो, ‘जुलाब-उलट्या लागल्या किंवा खाणेपिणे सुटले तर यातल्या कुठल्या गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवायच्या?’ उत्तर माणसागणिक वेगळे असते, पण ते आजारपणाच्या रात्री शोधण्यापेक्षा आधी लिहून ठेवलेले बरे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख वाचून उद्या सकाळी कुणी डबी केराच्या टोपलीत रिकामी करील. माझ्याकडे एक निवृत्त पोस्टमास्तर येत. रक्तदाबाच्या गोळ्यांनी किडनी जाते, असा कुणीतरी मोबाइलवर धाडलेला मजकूर वाचून त्यांनी सहा महिने गोळ्या बंद ठेवल्या. किडनीला धक्का बसला तो न घेतलेल्या गोळीने. रक्तदाब दोनशेच्या घरात गेला होता. ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ गोळ्या सुरू केल्यावर क्रिॲटिनिन थोडे वर सरकते, ते ३० टक्क्यांपर्यंत वाढले तरी बहुधा चालते, आणि लघवीतून प्रथिने जाणाऱ्या मधुमेह्याच्या मूत्रपिंडाचे याच गोळ्या रक्षण करतात. तीच गोष्ट रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीची. भीतीपोटी गरजेपेक्षा कमी मात्रा दिली तर रक्तस्राव टळेल, पण अर्धांगवायू गाठेल. मात्रा बेतायची आहे, उगाच कापायची नाही. आणि ती आपली आपण तर मुळीच नाही.

वृद्धांनी जपून घ्यायच्या औषधांची एक यादी मार्क बिअर्स या अमेरिकन डॉक्टराने १९९१ साली केली. ती पुढे वाढत गेली, २०१५ साली तीत मूत्रपिंडानुसार मात्रा बदलायच्या औषधांचा वेगळा तक्ता आला, २०२३ साली ती पुन्हा सुधारली गेली. आपल्याकडे अडचण यादीची नाही. अडचण अशी, की गुडघ्याचे डॉक्टर एक, हृदयाचे दुसरे, लघवीचे तिसरे, आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिलेली नसते. त्यात अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेले डबे आणि गावाकडच्या वैद्यांच्या पुड्या. ‘ते काही औषध नाही’ म्हणून त्यांचा उल्लेखच होत नाही. तेव्हा एका कागदावर पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट लिहा, आणि त्याच कागदाच्या डोक्यावर वय, उंची, वजन आणि तारखेसह शेवटचे क्रिॲटिनिन लिहा. वजन विशेषकरून. आमच्या चिठ्ठीवर नाव असते, वय असते. लहान मुलाचे वजन तर हटकून असते, म्हाताऱ्या माणसाचे मात्र क्वचितच. तो कागद दर डॉक्टरांपुढे आणि औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टपुढे ठेवा आणि नवी गोळी सुरू होताना विचारा, ‘यांच्या किडनीच्या मानाने हीच मात्रा ना?’ सहसा कुणी रागावत नाही. रागावलेच तर पुन्हा विचारावे.

राहता राहिले वय. वाटते तितके तेही पक्के नसते. गेल्या वर्षी एका आजोबांचे गणित मांडताना मी जन्मतारीख विचारली. म्हणाले, ‘‘एक जून.’’ मी म्हटले, ‘‘खरी सांगा.’’ ते हसले. ‘‘डॉक्टर, आमच्या अख्ख्या वर्गाचाच वाढदिवस एक जूनला असायचा. मास्तरांनी लिहिली ती तारीख. आई म्हणायची, मोठ्या पुरानंतरच्या दिवाळीचा तू.’’ मी दोन्ही वये धरून हिशेब केला, कागदावरचे ८० आणि आईच्या सांगण्याप्रमाणे ८५. उत्तरात नऊ टक्क्यांचा फरक आला, त्याने गोळी बदलली नाही. मग काट्यावर उभे केले. गेल्या दिवाळीला ५६ भरले होते, आता ४९. त्याने मात्र बदलली.